घर जळालं, भाडं मात्र चालू: घराच्या विम्याची साडेतीनशे वर्षं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग थोडा माझ्या गरजेतून आलाय. गेल्या महिन्यात मी होम लोनच्या कागदांवर सह्या करत होतो. सगळ्यात शेवटी एक फॉर्म पुढे आला. समोरचा माणूस म्हणाला, "हा इन्शुरन्सचा आहे, सगळेच घेतात, इथे सही करा." पेन हातात होतं, पण मला एकदम सांगलीचा मामा आठवला आणि मी थांबलो.

मामाची गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती नीट कळायला आधी लंडनला जावं लागेल.

बेकरीतली आग

२ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट. लंडनमध्ये पुडिंग लेन नावाच्या गल्लीत थॉमस फॅरिनर या बेकरीवाल्याच्या घरात आग लागली. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, कोरडा उन्हाळा आणि त्यात सुटलेला वारा. आग चार दिवस धुमसत राहिली. सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली, सेंट पॉल्सचं मोठं कॅथेड्रलही गेलं. नोंदवलेले मृत्यू मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शाळेत आपण इथवर शिकतो. पण पाचव्या दिवशी काय झालं, हे फारसं कोणी सांगत नाही. लोक परत आले आणि भांडणं सुरू झाली. कारण तेव्हा लंडनमध्ये बरेच लोक लांब मुदतीच्या भाडेकरारावर राहायचे, आणि अशा अनेक करारांत लिहिलेलं असायचं की घराची दुरुस्ती भाडेकरूने करायची. म्हणजे बघा, घर जळून राख झालंय, तरी कागदावर भाडं चालूच आहे, आणि घर पुन्हा बांधायचंय तेही भाडेकरूनेच!

ही भांडणं सोडवायला इंग्लंडच्या संसदेने खास न्यायालय नेमलं, फायर कोर्ट. न्यायाधीश क्लिफर्ड्स इन या इमारतीत बसायचे आणि घरमालक-भाडेकरू दोघांचं ऐकून निकाल द्यायचे: तू घर बांध, तुझं भाडं कमी करतो, कराराची मुदत वाढवून देतो. लंडन पुन्हा उभं राहण्यात या न्यायालयाचा वाटा मोठा आहे.

पण एक प्रश्न उरलाच. कोणाची चूक नसताना घर गेलं, तर नुकसान सोसायचं कोणी? समुद्रावरच्या जहाजांचा विमा लोकांना माहीत होता. उभ्या घराचा विमा ही नवी गोष्ट होती.

डॉक्टर, बिल्डर, विमावाला

इथे येतो निकोलस बार्बन. शिकलेला डॉक्टर, पण धंदा बिल्डरचा. आगीनंतर लंडनमध्ये बांधकामाला तोटा नव्हता, आणि या गृहस्थाने भरपूर बांधलं. सरळ माणूस म्हणून त्याची ख्याती अजिबात नव्हती. तर १६८० च्या सुमारास त्याने रॉयल एक्स्चेंजच्या मागे घरांच्या विम्याचं ऑफिस थाटलं.

त्याचा दर ऐका. विटांच्या घराला वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. बरोब्बर दुप्पट. माझ्या मते घराच्या विम्याचा सगळा इतिहास या दोन आकड्यांत आहे. तुझं घर कशाचं आहे आणि त्याला धोका किती, हे विचारून पैसे ठरवायचे. आजही विमा कंपनी फॉर्मवर बांधकाम कशाचं, इमारत किती जुनी, हे विचारते ते याच कारणाने.

मग स्पर्धा आली. १६९६ मध्ये हँड-इन-हँड नावाची संस्था निघाली, ती सभासदांची आपसातली. १७१० मध्ये सन फायर ऑफिस. या कंपन्या विमा काढलेल्या घरावर शिशाचा बिल्ला ठोकायच्या आणि स्वतःचे बंब ठेवायच्या. "बिल्ला नसलेलं घर जळत असलं तर बंबवाले नुसते बघत उभे राहायचे" ही गोष्ट तुम्ही रील्समध्ये ऐकली असेल. इतिहासकारांना तिच्यासाठी भक्कम पुरावा सापडत नाही, आणि डोकं वापरलं तरी ती पटत नाही. शेजारचं घर पेटू दिलं तर आपलं विम्याचं घर वाचेल का? पुढे १८३३ मध्ये या कंपन्यांनी आपापले बंब एकत्र केले आणि १८६६ पासून ते काम सार्वजनिक अग्निशमन दलाकडे गेलं.

अमेरिकेतला एक छोटा किस्सा. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी १७५२ मध्ये आगविम्याची संस्था काढली. काही वर्षांनी संस्थेने ठरवलं की दारात झाड असलेल्या घराचा विमा नको, आग विझवायला अडचण होते. झाडं आवडणारे लोक चिडले आणि १७८४ मध्ये त्यांनी दुसरी संस्था काढली. तिच्या बिल्ल्यावर होतं हिरवं झाड! सांगायचा मुद्दा, पॉलिसीत कशाला "नाही" म्हटलंय हे तेव्हापासून वाचावं लागतंय.

आपल्याकडची आग

१७ फेब्रुवारी १८०३. मुंबई तेव्हा कोटाच्या भिंतींच्या आत दाटीवाटीने राहत होती. त्या दिवशी लागलेल्या आगीत कोटातल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर लोकवस्ती कोटाबाहेर सरकायला जोर आला.

दुसरी तारीख १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. दुपारी जहाजावर आग लागली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिलपासून देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आता विचार करा. तुमचं घर त्या दिवशी गोदीजवळ आहे आणि तुमच्याकडे आगीची पॉलिसी आहे. घर कशाने गेलं? आगीने, स्फोटाने, की युद्धाच्या दारूगोळ्याने? पॉलिसीच्या भाषेत ही तीन वेगळी कारणं असू शकतात. शेवटी सरकारने अध्यादेश काढून भरपाईची व्यवस्था केली.

हेच कारणांचं कोडं महाराष्ट्राला पुढे वेगवेगळ्या रूपात भेटत राहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्यात पाणी शिरलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड धाबं, झोपेतच घरं अंगावर आली. गावंच्या गावं पुन्हा बांधली ती सरकारने, जागतिक बँकेच्या कर्जातून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दर वेळी लोकांची नजर सरकारी मदतीकडे. ती मिळावीच, पण सरकारी मदत म्हणजे आधार असतो, घराची पूर्ण किंमत नसते.

मामाचं घर

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मामाचं घर बैठं. पाणी सहा दिवस आत होतं. उतरलं तेव्हा भिंतींना छातीएवढी चिखलाची रेघ, फरशा उचकटलेल्या, वायरिंग संपलेलं, कपाटं फुगलेली.

मामा पहिल्या दिवशी शांत होता. म्हणाला, "अरे, कर्ज घेताना बँकेने विमा काढलाय. एकरकमी पैसे कापलेत माझ्याकडून." मामीने फाईल वरच्या माळ्यावर ठेवली होती म्हणून ती वाचली. आम्ही कागद उघडले. तो विमा मामाच्या आयुष्याचा होता. मामाचं काही बरंवाईट झालं असतं तर कर्ज फिटलं असतं. घराला काही झालं तर त्यात एक रुपया नव्हता. मामा ते पान दोनदा वाचून म्हणाला, "म्हणजे मी मेलो असतो तर घर वाचलं असतं." नंतर कोणी काही बोललं नाही. हप्ते चालू राहिले, दुरुस्ती मामीच्या पाटल्या मोडून झाली.

लंडनच्या भाडेकरूचं आठवा. घर नाही, पण कागदावर भाडं चालू. साडेतीनशे वर्षांनी सांगलीत तेच, फक्त भाड्याच्या जागी हप्ता.

तर आता आपण काय करायचं

फॉर्म पुढे आला की पहिला प्रश्न विचारा: हा विमा माझ्या जिवाचा की घराच्या भिंतींचा? दोन्हींची गरज असू शकते, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक घराचा विमा मागू शकते, मात्र अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती करू शकत नाही. रक्कम फक्त उरलेल्या कर्जाइतकी आहे का, हेही बघा. कर्ज कमी होत जातं, घर बांधायचा खर्च नाही.

दुसरं, रक्कम किती धरायची? इथे सगळे चुकतात. फ्लॅट ८० लाखांचा असला तरी विमा ८० लाखांचा लागत नाही. त्या किमतीत जागा आणि लोकेशन आहे, आणि जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा. समजा ६०० चौरस फूट कार्पेट आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये धरला, तर १५ लाख. प्रीमियम याच आकड्यावर बसतो. कोटेशन काढून बघा, साध्या फ्लॅटसाठी तो अनेकदा वर्षभराच्या मोबाईल रिचार्जपेक्षा कमी निघतो.

तिसरं, १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. आधीच्या पॉलिसीत भूकंप बऱ्याचदा वेगळे पैसे भरून जोडावा लागे. यात आग, स्फोट, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल हे सगळं मुळातच आहे. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. आणखी एक मोठी गोष्ट. पूर्वी २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा काढला आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर हातात २ लाख यायचे. या पॉलिसीत ती कात्री काढून टाकलीय. माहिती मात्र खरी द्यायची.

चौथं, काय मिळत नाही? जुनेपणाची झीज आणि हळूहळू मुरलेली ओल मिळत नाही. रोख रक्कम नाही. दागिने हवे असतील तर वेगळे नोंदवावे लागतात. नेहमीच्या घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

पाचवं, सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना विचारा की इमारतीचा विमा आहे का, कशाकशाचा आणि कितीचा. आपल्या राज्यातल्या आदर्श उपविधींत आग आणि भूकंपाच्या विम्याची तरतूद आहे, पण ती अंमलात आहे का हे पुढच्या सर्वसाधारण सभेत उठून विचारायला लागतं. भाड्याने राहणाऱ्यांनो, तुम्हीही यात आहात. फक्त सामानाचा विमा काढता येतो.

शेवटचं काम आज रात्रीच करा, पैसे लागत नाहीत. मोबाईलवर घराचा एक व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, कपाट उघडून, टीव्ही-फ्रीजचे नंबर दिसतील असा. तो आणि बिलांचे फोटो क्लाउडवर टाका. मामीची फाईल माळ्यावर होती म्हणून वाचली, पण प्रत्येक घराला माळा नसतो. आणि नुकसान झालंच तर लगेच कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत सगळं साफ करून टाकू नका. जे हलवावंच लागेल त्याचे आधी फोटो काढा. क्लेम नाकारला आणि कंपनीकडे तक्रार करूनही काही झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही.

माझ्या त्या फॉर्मचं काय झालं? मी तो घरी आणला आणि वाचला. आयुष्याचाच विमा होता, प्रीमियम कर्जात मिळवलेला, म्हणजे त्यावरही व्याज. मी तो तिथे घेतला नाही. टर्म प्लॅन वेगळा घेतला, घराचा विमा वेगळा. पॉलिसीची पीडीएफ मामाला पाठवली. त्याचा एका ओळीचा मेसेज आला: "पूर लिहिलंय ना त्यात?"

लिहिलंय, मामा. तिसऱ्या पानावर.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तुमच्या लोनच्या फाईलमधला विमा कशाचा निघाला, ते मला नक्की कळवा.