कळलावी : बागेत वाढवावी, जंगलातून खणून आणू नये

सिल्वासाहून दक्षिणेकडे सुमारे २० किलोमीटरवर, साकरतोड नदीच्या काठी वसलेल्या खानवेलभोवतीचे डोंगर पावसाळ्यात हिरवे झाले, की कुंपणांवर आणि झुडपांच्या शेंड्यांवर मधूनच एक ज्वाळेसारखे फूल दिसू लागते. खाली पिवळे, वर लाल, कडा नागमोडी आणि सर्व पाकळ्या वरच्या बाजूस वळलेल्या. हीच कळलावी. बागेत लावण्याजोग्या आपल्याकडील देशी बहुवर्षायू वनस्पतींमध्ये सौंदर्याच्या दृष्टीने तिच्या तोडीची वनस्पती क्वचितच सापडेल. मात्र ती जितकी देखणी, तितकीच विषारी आहे. तिच्या कंदांना औषधी व्यापारात मागणी असल्यामुळे अनेक भागांतील जंगलांतून ती खणूनही नेली जाते. त्यामुळे ती घरी कशी वाढवावी, तिची रोपे कशी करावीत आणि तिच्यापासून कोणती काळजी घ्यावी, या तिन्ही गोष्टी एकत्रच समजून घ्यायला हव्यात.

नावे आणि ओळख

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. १७५३ मध्ये लिनियसने ते दिले. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होत असे. आता ती कोल्चिकेसी या कुळात धरली जाते. मराठीत तिला अग्निशिखा, वाघनखी, खड्यानाग अशीही नावे आहेत. फुलाच्या रूपावरून अग्निशिखा, तर पानांच्या आकड्यांवरून वाघनखी. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि तिचा कंद खरोखरच नांगराच्या आकाराचा असतो. ‘कळलावी’ या नावामागे प्रसूतीच्या कळांशी जोडलेली जुनी समजूत आहे. कळ या शब्दाचा दुसरा अर्थ भांडण असल्यामुळे हे झाड दारात असले की घरात कलह माजतो, असेही काही ठिकाणी मानले जाते.

सीमेवरच्या या प्रदेशात नावांचा एक घोटाळा मात्र जाणून ठेवावा. गुजरातीत कळलावीला ‘दूधियो वछनाग’ म्हणतात, तर मराठीत ‘बचनाग’ म्हणजे हिमालयात वाढणारी निराळीच वनस्पती. दोन्ही जहाल विषारी आहेत. पण त्यांची विषे वेगळी आणि उपचारही वेगळे. म्हणून केवळ नावावर विसंबून कोणतीही मुळी घेऊ नये.

कळलावी ही वेल आहे, पण ती आधाराला वेढे घालत नाही. तिच्या भाल्यासारख्या पानाचे टोक लांबून त्याचाच आकडा बनतो आणि त्या आकड्याने ती शेजारच्या फांदीला धरून वर चढते. रानात ती ३ ते ६ मीटरपर्यंत जाते. बागेत साधारण दीड ते तीन मीटर. फूल उमलताना हिरवट पिवळे असते, मग पिवळे-लाल होते आणि आठवडाभरात पूर्ण गडद लाल दिसू लागते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुले दिसतात. सहा लांब पुंकेसर चहूकडे पसरलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली असते. ही रचना परागीभवनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे; तिच्याकडे पुढे वळू.

भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिका असा तिचा विस्तृत प्रदेश आहे. ती तामिळनाडूचे राज्यपुष्प आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प आहे. कोकण आणि पालघरच्या पट्ट्यात गौरीच्या पूजेत तेरड्यासोबत हिला मान असतो. फुलाच्या पसरलेल्या दलांमुळे तिला ‘गौरीचे हात’ असेही म्हणतात.

वर्षाचे चक्र

कळलावीची लागवड जमण्यासाठी आधी तिचा दिनक्रम नव्हे, तर वर्षक्रम समजला पाहिजे. पावसाच्या तोंडावर जमिनीतील कंदाला कोंब फुटतो. दीड ते दोन महिन्यांत फुले येऊ लागतात आणि ती जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, काही ठिकाणी ऑक्टोबरपर्यंत राहतात. पुढे शेंगेसारखी बोंडे धरतात व पिकल्यावर फुटून आतील शेंदरी-लाल बिया दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाने पिवळी पडतात आणि वेल जमिनीपर्यंत वाळून जाते. झाड मेले, असे समजून पुष्कळ लोक या वेळी कुंडी रिकामी करतात किंवा उलट जास्त पाणी घालू लागतात. दोन्ही चुकीचे. जमिनीखाली जुना कंद आटून त्याच्या जागी नवा कंद तयार झालेला असतो आणि तो पुढील पावसापर्यंत विश्रांती घेत असतो. या काळात त्याला कोरडेपणा हवा.

जागा आणि माती

सकाळचे ऊन आणि दुपारनंतर हलकी सावली मिळणारी जागा उत्तम. वेलीचा शेंडा उन्हात आणि बुंधा सावलीत राहिला, तर ती अधिक जोमाने वाढते. रानातही ती झुडपात उगवून वर उजेडाकडे जाते. खानवेलच्या डोंगरउताराची तांबूस, मुरमाड माती तिला मानवते, कारण तिच्यात पाणी साचत नाही. सखल भागातील चिकण काळ्या मातीत लावायचे असल्यास ३० सेंटिमीटर उंचीचा वाफा करून त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. या भागातील मुसळधार पावसात कळलावी मरते ती बहुधा थंडीने वा किडीने नव्हे, तर मुळाशी साचलेल्या पाण्याने.

कुंडीत लावताना ती किमान ३० सेंटिमीटर खोल आणि तळाला मोठी छिद्रे असलेली घ्यावी. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग शेणखत हे मिश्रण पुरते. एका कुंडीत एकच कंद लावावा.

कंदांपासून अभिवृद्धी

कळलावीची वाढ करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कंद. कंद इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ अक्षराच्या आकाराचा, दोन बोटांसारखा असतो. प्रत्येक बोटाच्या टोकाला एकच डोळा असतो. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. म्हणजेच ते टोक मोडले, की उरलेला कंद कितीही मोठा असला तरी उगवत नाही. कंद अतिशय ठिसूळ असल्यामुळे ते काढताना फावड्याऐवजी हाताने किंवा लाकडी काडीने माती सैल करावी. हातात मोजे असावेत.

वेल पूर्ण वाळल्यानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, कंद काढता येतात. जिथे दोन बोटे जुळतात तेथे ती स्वच्छ सुरीने वेगळी करावीत. कापलेल्या जागेला राख लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि नंतर कोरड्या वाळूत, हवेशीर ठिकाणी, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावे. डब्यावर ‘विषारी’ असे ठळक लिहावे. स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ ते कधीही ठेवू नयेत.

लागवडीसाठी ५० ते ६० ग्रॅम वजनाचे कंद चांगले. त्याहून लहान कंद उगवतात, पण पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाहीत. मेअखेरीस किंवा मृगाच्या सुरुवातीस ५ ते ८ सेंटिमीटर खोलीवर, कंद आडवा ठेवून डोळ्याचे टोक किंचित वर राहील अशा रीतीने लावावा. दोन कंदांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ज्यांना दरवर्षी खणायचे नाही, त्यांनी निचऱ्याच्या जागी कंद तसेच राहू दिले तरी चालतात. तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की विभागणी करावी.

बियांपासून रोपे

बियांपासून रोपे मिळतात, पण त्यासाठी धीर लागतो. बी सुप्तावस्थेत असते आणि उगवण एकसारखी होत नाही. काही बिया तीन आठवड्यांत, तर काही तीन महिन्यांनी रुजतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, वाळूमिश्रित मातीत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे व ओल कायम ठेवावी. पहिल्या वर्षी केवळ दोन-चार पाने आणि लहानसा कंद एवढेच हाती लागते. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. तरीही जंगलातील एकही कंद न हलवता झाडे वाढवण्याचा हाच मार्ग आहे.

बागेत बी कमी धरते, अशी तक्रार असते. त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. स्त्रीकेसर पुंकेसरांपासून दूर वळलेला असल्याने पराग आपोआप त्याच्यावर पडत नाही. फुलपाखरे आणि शिंजिर हे काम करतात. तामिळनाडूतील तिरुप्पूर, दिंडुक्कल, करूर या जिल्ह्यांत कळलावीचे पीक बियांसाठीच घेतले जाते आणि तेथील शेतकरी सकाळच्या वेळी हाताने परागीभवन करतात. बागेतही एका वेलीचे पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावले, तर बोंडे चांगली भरतात.

आधार, पाणी, कीड

कोंब वर येताच आधार द्यावा. आकडे बारीक असल्याने जाड खांब त्यांना धरता येत नाही. तुरीच्या काठ्या, तारेची जाळी किंवा मेंदीसारखे झुडूप अधिक सोयीचे. पावसात पाणी देण्याची गरज नसते. पंधरा दिवसांची उघडीप पडली तरच द्यावे. वेल पिवळी पडू लागली की पाणी थांबवावे.

लिलीवरची अळी हा तिचा मुख्य शत्रू. या किडीच्या शास्त्रीय नावातच ‘ग्लोरिओसी’ हा शब्द आहे. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके असलेल्या या अळ्या दोन दिवसांत वेल ओरबाडून टाकतात. थोड्या वेली असल्यास मोजे घालून त्या वेचाव्यात. जास्त असल्यास निंबोळी अर्क फवारावा. कंदकुजीवर खरा उपाय निचरा हाच आहे.

विषाची जाणीव

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदांत आणि बियांत, कोल्चिसीन हे द्रव्य असते. हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत वातरक्तावरचे आधुनिक औषध आहे, आणि वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी संशोधक त्याचा वापर करतात. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. म्हणून घरगुती उपाय म्हणून, आणि बाळंतपणात तर मुळीच, तिचा वापर करू नये.

खरा धोका चुकीच्या ओळखीतून उद्भवतो. डोंगरपट्ट्यात करांदे, कोनफळ यांसारखे कंद खाण्याची रीत आहे आणि वेल वाळल्यावर जमिनीखालचा कंद ओळखणे कठीण होते. कोनफळ-करांद्याची पाने हृदयाकृती, जाळीदार शिरांची. कळलावीची लांबट, समांतर शिरांची आणि टोकाला आकडा असलेली. पाने हिरवी असतानाच जागेवर खूण करून ठेवावी आणि भाजीपाल्याच्या वाफ्यात कळलावी कधीही लावू नये. गुरे-शेळ्यांनाही तिच्यापासून दूर ठेवावे.

कंद पोटात गेल्यास काही तासांत तोंडात व घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग क्षणभर बरे वाटले, तरी पुढील दोन-तीन दिवसांत रक्त व अवयवांवर गंभीर परिणाम होऊ शकतात. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता, कंदाचा वा वेलीचा तुकडा सोबत घेऊन, खानवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात तातडीने जावे.

जंगलाचे जंगलाला

कंद खणला, की ती वेल त्या जागेवरून कायमची जाते. फूल तोडल्याने तसे होत नाही. राखीव जंगलातून परवानगीविना वनोपज नेणे भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हाही आहे. त्यामुळे सुरुवातीचे कंद ओळखीच्या बागेतून किंवा विश्वासार्ह रोपवाटिकेतून, लागवडीचेच आहेत याची खात्री करून घ्यावेत. रानातील वेलीची एक-दोन पिकलेली बोंडे मिळवायची, तर आधी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि बाकीची तिथेच फुटू द्यावीत. एका निरोगी कंदापासून दरवर्षी बहुधा दोन कंद मिळतात. चार-पाच पावसाळ्यांत शेजाऱ्यांना वाटण्याइतके होतात. गौरीसाठी फुले अंगणातच मिळू लागली, तर डोंगरावरची कळलावी डोंगरावरच फुलत राहील.