माहीम पार्क ते ४०० ०२८

शिवाजी पार्कचे पहिले नाव माहीम पार्क. मुंबई महापालिकेने १९२५ साली सुमारे २८ एकरांचे हे मैदान लोकांसाठी खुले केले, तेव्हा दादर पश्चिमेचा हा किनारी पट्टा माहीमचाच भाग गणला जाई. माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. त्यामुळे नव्या मैदानाला त्याचे नाव मिळणे स्वाभाविक होते.

हे नाव जेमतेम दोन वर्षे टिकले. १९२७ साली शिवाजी महाराजांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी होत होती. महाराजांचे जन्मवर्ष १६२७ मानण्याची रूढी तेव्हा प्रचलित होती. १६३० हे वर्ष शासकीय पातळीवर पुढे मान्य झाले. त्रिशताब्दीच्या निमित्ताने नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी मैदानाला महाराजांचे नाव देण्याचा आग्रह धरला आणि महापालिकेने तो मान्य केला. १९१८ साली महात्मा गांधींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई.

हा बदल सहज रुजला, याचे एक कारण त्या वेळच्या वस्तीत सापडते. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. गिरगावातल्या चाळींतून अनेक पांढरपेशी मराठी कुटुंबे दादरला येऊ लागली. मात्र पार्काला वळसा घालणाऱ्या तीन-चार मजली इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या. म्हणजे नाव बदलले तेव्हा मैदानाभोवती वस्ती विरळ होती आणि ‘माहीम पार्क’ असा पत्ता लिहिणारी घरे थोडीच असणार. पुढे आलेल्या बिऱ्हाडांना पहिल्यापासून ‘शिवाजी पार्क’ हाच पत्ता मिळाला. जुने नाव बोलण्यातून पुसले गेले. दफ्तरात मात्र माहीम उरले. इथल्या जमिनी सिटी सर्व्हेच्या नोंदींत माहीम विभागातच मोडतात आणि आज विधानसभेसाठी इथले मतदार मत देतात तेही माहीम मतदारसंघात.

शेजारच्या रस्त्याचे तसे झाले नाही. मैदानाच्या पश्चिमेचा कॅडेल रोड पॅट्रिक कॅडेल या महापालिका आयुक्ताच्या नावाने ओळखला जाई. विनायक दामोदर सावरकर १९३८पासून पार्काजवळच्या सावरकर सदनात राहत आणि १९६६ साली तिथेच त्यांचे निधन झाले. पुढे रस्ता ‘स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग’ झाला. पण तोवर दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि बसने जाणाऱ्यांच्या बोलण्यात कॅडेल रोड मुरलेला होता. पाटी बदलून कित्येक वर्षे लोटली, तरी जुन्या दादरकरांच्या तोंडी ‘कॅडेल रोड’च येते. तुळशी पाइप रोड आणि सेनापती बापट मार्ग या जोडीचीही हीच स्थिती आहे.

तिसरा बदल नावाचा नसून आकड्याचा होता. पत्रवाटपाच्या सोयीसाठी मुंबईचे क्रमांकित विभाग पाडलेले होते आणि या भागाची पत्रे ‘मुंबई २८’ अशा पत्त्यावर येत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे पत्रे चुकीच्या ठिकाणी जात. त्यावर हा उपाय होता. पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. मुंबईला ४०० मिळाले आणि जुना विभागक्रमांक शेवटी तसाच ठेवण्यात आला. मुंबई २८चे ४०० ०२८ झाले, दादर पूर्वेच्या मुंबई १४चे ४०० ०१४. जुना आकडा नव्याच्या पोटात राहिल्याने रहिवाशांना अनोळखी असे काही पाठ करावे लागले नाही, आणि ‘मुंबई २८’ लिहिण्याची सवय पुढेही अनेकांनी सोडली नाही.

१९९५ साली शहराचे इंग्रजीतले अधिकृत नावही मुंबई झाले. मराठी पत्रांवर ते आधीपासूनच असल्याने या बदलाचा भार पडला तो इंग्रजी लेटरहेड, पाट्या आणि शिक्क्यांवर. २०२० साली महापालिकेने मैदानाच्या नावाचा विस्तार ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असा केला. इथेही जुने नाव नव्यात सामावले आहे. कागदोपत्री पूर्ण नाव लिहिले जाते, तर कट्ट्यावर भेटायचे ठरवणाऱ्यांना ‘पार्कात’ एवढा शब्द पुरतो.