किनाऱ्याची सीमा : शेखाडी ते मुंबई

‘संरक्षण’ आणि ‘सुरक्षा’ हे शब्द आपण बहुधा समानार्थी म्हणून वापरतो. शासनव्यवहारात मात्र त्यांची घरे वेगळी आहेत. संरक्षण सैन्याचे, सीमेवरचे. सुरक्षा पोलिसांची, सीमेच्या आतली. सीमेपलीकडून आलेल्या दहशतवादी हल्ल्यांनी ही वाटणी कशी मोडली, हे कोकण-मुंबईच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते.

किनारा ही सीमाच आहे, हे भान आपल्याकडे नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. स्वतंत्र भारताची नजर मात्र दीर्घकाळ भूसीमेवर खिळली होती. १९४७, १९६२ आणि १९६५ची युद्धे पाहता ते स्वाभाविकही होते.

१९९३च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्याच वर्षी ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त सुरू झाली. पुढे खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जण दोषी ठरले. म्हणजे प्रश्न केवळ गस्तीनौकांच्या तुटवड्याचा नव्हता. ज्यांनी पाहायचे, त्यांतील काहींनीच डोळे मिटले होते. धोरणाने उत्तर दिले ते प्रामुख्याने नौकांच्या भाषेत.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी पाकिस्तानातून निघालेले दहा जण समुद्रमार्गेच मुंबईत आले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि तिच्यावरील खलाशांना ठार केले. परकी नौका शोधणाऱ्या गस्तीला स्वदेशी नौकेचा संशय यावा कसा? कफ परेडच्या कोळीवस्तीजवळ उतरताना त्यांना काही रहिवाशांनी पाहिले, हटकलेही. पण त्या शंकेला यंत्रणेपर्यंत वेळेत पोहोचण्याची वाट नव्हती. १६६ जणांचे प्राण गेले.

यानंतर झालेले बदल मूलगामी होते. डिसेंबर २००८मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. २००९मध्ये किनारी सुरक्षेसह एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली, ‘सागर प्रहरी बल’ उभे राहिले, रडारसाखळीची योजना आखली गेली, मच्छीमारांना ओळखपत्रे देण्याचे ठरले. ‘संरक्षण’ प्रथमच इतक्या उघडपणे ‘सुरक्षे’च्या अंगणात उतरले.

येथे आम्हांला एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. प्रत्येक हल्ल्यानंतर राष्ट्र आपले धोरण नव्याने लिहिते. पण लिहिताना डोळ्यांसमोर असतो तो झालेला हल्ला. शिवाय जे विकत घेता येते, म्हणजे नौका, रडार, शस्त्रे, ते धोरणात लवकर उतरते. अधिकाऱ्याची सचोटी किंवा कोळ्याच्या शब्दाला मिळणारे मोल निविदा काढून आणता येत नाही. मच्छीमाराला ‘किनाऱ्याचे डोळे आणि कान’ म्हणून गौरवायचे आणि ओळखपत्रासाठी वारंवार हटकायचे, ही विसंगती त्यातूनच जन्मते.

शेखाडीने शिकवलेले अर्धेच आपण वाचले आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पंधरा वर्षांनी मोजली. इतिहासाच्या वाचकाने म्हणून धोरणाला एवढेच विचारावे : हल्ला कोणत्या दाराने आला, हे कळले; ते दार उघडे का राहिले, हे कळले का?