वायरमनची पेटी
बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरील, भातगिरण्यांच्या व्यापाराने वाढलेले गोंदिया दफ्तरी भंडारा जिल्ह्यात मोडे, आणि हा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रांताच्या व पुढे मध्य प्रदेशाच्या अंमलाखाली होता. त्या काळच्या वायरमनची पेटी सुताराच्या पेटीहून फारशी भिन्न नसे. कारण तारा सागवानी पट्ट्यांवरून न्यावयाच्या असल्याने ओळंबा व सूत धरून रेघ आखणे, छिन्नीने भिंतीत खड्डा घेऊन त्यात लाकडी गुट्टी बसविणे, गिरमिटाने छिद्र पाडून पट्टी पेचकसाने आवळणे आणि मग क्लिपा दुमडून तार पक्की करणे, एवढा खटाटोप विद्युत्प्रवाहापूर्वीच उरकावा लागे. पक्कड व टेस्टर होतेच. परंतु या सर्व साधनांत मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो मेगर, जो हाताने दांडा फिरवून तारेच्या आवरणाचा रोध मोजतो, आणि भाताच्या कोंड्याची धूळ व पावसाळी ओल यांनी दुर्बळ झालेले आवरण, अपघात होण्याआधीच, निःसंदिग्धपणे दाखवून देतो. पुढे प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, गुट्टी व गिरमिट मागे पडले. 1999 साली गोंदिया स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि घर नवे असो वा जुने, मालकाने परवानाधारक वायरमनकडून ही मेगरची तपासणी आपल्या समक्ष करवून घ्यावी.