मिठाने धरला साखरेचा हात

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधील बनगावास येऊन थडकले आणि पाठोपाठ पटकीही आली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खायचा सोडा या मापाने पिंपे भरविली आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांवर सोपविले.

आतड्यातून पाणी धो धो वाहत असता वरून पाणीच पाजावयाचे, हा वेडेपणा नव्हे काय? पण लहान आतड्याची करामत अशी, की त्याच्या अस्तरातील पेशींत ग्लुकोज शिरते ते मिठातील सोडियमचा हात धरून. त्या जोडीमागून पाणी ओढले जाते. दिवाळीतल्या करंजीच्या साखरेतील ग्लुकोजही याच दाराने जाते बरे! रॉबर्ट क्रेन यांनी ही उपपत्ती १९६० साली प्राग येथे मांडली, तेव्हा पटकी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. साखर शोषली जाते कशी, एवढाच त्यांचा प्रश्न. पटकीचे विष आतड्यास पाणी सोडावयास लावते, मात्र हे दार त्याला लावून घेता येत नाही.

ढाक्याच्या रुग्णालयात १९६८ सालीच हा उपाय पारखला गेला होता. बनगावात तो चिखलात उतरला, आणि शेकडा तीसच्या घरातील मृत्यू चारांच्या आत आले.