छावणीचा ढोल

श्रोतेहो, सेनगावकडे कुणी जुन्या ढोलांचा सेट विकायला काढला आणि "हा हिंगोलीच्या छावणीतला, इंग्रजी अमदानीचा," असे म्हणाला, तर लगेच हरखून जाऊ नका. भांड्यावर ना कारखान्याचे नाव, ना साल. आणि घेणाऱ्या बँडवाल्याच्या कनवटीला असते अख्ख्या लग्नसराईची कमाई! मग खरेखोटे करायचे कसे?

हिंगोलीला छावणी होती, यात शंका नाही. निजामाच्या जुन्या फौजेचे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट झाले. तिच्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्याकडे लावून घेतला. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, म्हणजे आपले अंबाजोगाई, आणि हिंगोली ही तिची ठाणी. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून टाकली आणि हिंगोलीची छावणी उठली. तेव्हा १९०३ हे साल मनात पक्के धरा.

आता सेटकडे या. मोठा ढोल पायाने वाजवायचा पॅडल त्याला आहे ना? तसल्या पॅडलचे पेटंट अमेरिकेत लुडविगने १९०९ साली घेतले. छावणी उठून तेव्हा सहा वर्षे झाली होती! शिवाय पलटणीतला वादक ढोल गळ्यात अडकवून चालत वाजवी. बसून, चार ढोल पुढे मांडून नव्हे. म्हणजे सगळा सेट छावणीचा, ही गोष्ट तिथेच बाद. चकचकीत क्रोमचा मुलामाही १९२० नंतरचा.

पण एवढ्यावरून ढोल टाकून देऊ नका. पॅडल मागाहून जोडता येतो. प्लास्टिकचा पडदा १९५७ च्या सुमारास बाजारात आला, तरी त्याखालचे भांडे शंभर वर्षांचे असू शकते. कातडे फाटते, दोरी कुजते, ती बदलणारच. आपल्या संबळाचे नाही का तसेच? म्हणून वय पाहायचे ते भांड्याचे.

कडे उतरवून आत दिवा धरा. दोरीने ताणायच्या ढोलाला मागाहून स्क्रू बसवले असतील, तर कड्यांवर दोरीची जुनी भोके दिसतील. पलटणीच्या ढोलावर पुष्कळदा तिचे चिन्ह रंगवलेले असे. रंग खरवडला असला तरी तिरप्या उजेडात त्याची सावली कधीकधी उमटते. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण मारीत खरी, पण तेवढ्यावर भुलू नये; छिन्नी काय, कुणाच्याही हाती असते!

खुणा जुळल्या, तरी पैसे द्यावेत त्या एका भांड्याचे, साऱ्या सेटचे नव्हे. शिक्षक मित्रांनी मात्र त्याचे माप आणि आतल्या खुणा वहीत उतरून घ्याव्यात. कागदपत्रे धुंडाळताना ध्यानात असू द्या, की हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला; त्याआधीची दप्तरे परभणीच्या नावाखाली पाहावी लागतील.