कुतुबनुमा, कुलाबा वेधशाळा आणि किब्ल्याची दिशा

दिशा ओळखणे ही मानवाची फार जुनी गरज आहे. खलाशी, व्यापारी आणि हजचे यात्रेकरू यांना ती प्रवासात भासते. नमाज पढणाऱ्याला मात्र ती दिवसातून पाच वेळा भासते. म्हणूनच आपल्या अनेक घरांत लहानसे होकायंत्र आढळते. उर्दूत त्याला कुतुबनुमा, म्हणजे ध्रुव दाखविणारा, असे म्हणतात. परंतु तो कोणता ध्रुव दाखवितो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावा.

उत्तर दिशा दोन प्रकारची आहे. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्या टोकाकडील दिशा ही खरी उत्तर. होकायंत्राची सुई मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार वळते. हे क्षेत्र पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या हालचालींमुळे निर्माण होते. या दोन उत्तरांमधील कोनास दिक्पात म्हणतात. सुई नेमकी खऱ्या उत्तरेस नसते, हे चीनमधील शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास नोंदविले. हा कोन कायमही राहत नाही. लंडनला १५८० मध्ये तो सुमारे ११ अंश पूर्वेकडे होता. १८२० च्या सुमारास तो २४ अंश पश्चिमेकडे गेला होता.

मुसलमान विद्वानांनी या विषयात मोलाची भर घातली. अल्-बिरूनीने १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात गझनीहून किब्ल्याची दिशा गणिताने काढून दाखविली. येमेनचा राजपुत्र, पुढे सुलतान झालेला अल्-अश्रफ, याने १२९१ च्या सुमारास होकायंत्राची रचना व त्याने किब्ला ठरविण्याची रीत लिहून ठेवली. इबादतीच्या गरजेतून गणित व खगोलशास्त्र कसे वाढले, याची ही उदाहरणे होत.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तेव्हा येथील उपकरणांनी क्षेत्राची क्षैतिज तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद केली. त्या नोंदीचा अभ्यास आजही जगभर होतो. १८९६ मध्ये डॉ. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सुया विचलित झाल्या असत्या. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. तेथील बांधकामात लोखंड वर्ज्य केले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा आणि साखळी तुटू नये. त्यानंतरच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या आणि १९०७ मध्ये ट्राम धावू लागल्या. १९७१ मध्ये हे कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले.

आता पुण्याचे पाहू. येथे दिक्पात फार लहान, साधारण अंशभराच्या आत आहे. त्यामुळे सुईच्या उत्तरेने आपली फारशी फसगत होत नाही. चूक होते ती दुसऱ्याच कारणाने. ‘किब्ला म्हणजे पश्चिम’ असे आपण सहज म्हणतो. परंतु गोल पृथ्वीवरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजल्यास पुण्याहून मक्का पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे आहे. नमाजात किती फरक चालतो, हा उलेमांचा विषय. येथे केवळ भूगोल सांगितला आहे. शिवाय लोखंडी कपाट, खिडकीचे गज किंवा मोटार जवळ असल्यास सुई याहून कितीतरी अधिक भरकटते, हे विसरू नये.

पडताळ्याची एक सोपी रीत आहे. दरवर्षी २७-२८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर असतो. १५-१६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. मे महिन्यात नारायण पेठेतील एखाद्या गच्चीवर ओळंब्याने काठी सरळ उभी करावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेषा हीच किब्ल्याची दिशा. शेजारी होकायंत्र ठेवून कोन मोजावा आणि वहीत तारखेसह लिहावा.

पालकांनी सुट्टीत मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवून घ्यावा. अल्-बिरूनी काय किंवा डॉ. मूस काय, दोघांनीही ऐकीव गोष्टीवर न थांबता स्वतः मोजून पाहिले. इल्मची वाट अशा मोजण्यापासूनच सुरू होते.